तंजावरचा पाद्री श्वार्ट्झ आणि सरफोजी महाराज : एका ऋणाचा इतिहास

(१)

तंजावरच्या भोसले घराण्याच्या उत्तरकालाचा अभ्यास करणारास तह, दत्तकविधानाचे कागद, कंपनीच्या रेसिडेंटांचे खलिते, छत्रांचे हिशेब अशीं नानाविध साधनें चाळावीं लागतात. या साधनांत इ. स. १७७८ पासून १७९८ पर्यंतच्या वीस वर्षांत एक नांव पुनःपुन्हा भेटतें. तें कोणा सरदाराचें, सावकाराचें अथवा अंमलदाराचें नसून ख्रिस्तियन फ्रीड्रिख श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याचें आहे. महाराष्ट्रांतील वाचकांस हें नांव फारसें परिचित नाहीं. परंतु ज्या राजाच्या ग्रंथप्रेमामुळें सरस्वती महालाचा संग्रह आज संशोधकांस उपलब्ध आहे, त्या सरफोजी महाराजांस गादी मिळण्यास जीं कारणें झालीं त्यांत या पाद्र्याची खटपट हें एक प्रमुख कारण होय.

प्रस्तुत लेखांत एकच प्रश्न तपासावयाचा आहे. ख्रिस्ती धर्मांतील कृतज्ञतेची कल्पना या पुरुषाच्या वर्तनांत कोणत्या रूपानें प्रकट झाली, ज्यांच्यापर्यंत ती पोंचली त्यांनीं तिचें काय केलें, आणि तंजावरच्या राज्यास तिची कांहीं किंमत द्यावी लागली कीं काय?

कृतज्ञता ही मनाची वृत्ति आहे, ती इतिहासाचा विषय कशी होणार, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर असें कीं, मनांतील वृत्ति कागदावर सांपडत नसली तरी तिच्यापायीं माणसानें जें सोडलें, जें खर्चिलें आणि ज्याचा अव्हेर केला, त्याची नोंद राहते. तेवढ्या नोंदींच्याच आधारें पुढील विवेचन केलें आहे.

(२)

श्वार्ट्झचा जन्म १७२६ सालीं प्रशियाच्या राज्यांतील झोनेनबुर्ग या लहानशा गांवीं झाला. हें गांव आतां पोलंड देशांत असून त्यास स्वोंस्क म्हणतात. तो अगदीं लहान असतांनाच त्याची आई वारली. मरणसमयीं तिनें नवऱ्याला व गांवच्या पाद्र्याला जवळ बोलावून, हें मूल मीं देवाला वाहिलें आहे, पुढें त्याच्या मनांत धर्मसेवेची इच्छा उत्पन्न झाल्यास तिच्या आड येऊं नये, असें सांगितल्याची हकीकत त्याच्या चरित्रकारांनीं दिली आहे. कुस्ट्रिन येथें शिकत असतां हाल येथील अनाथगृहाविषयीं आउगुस्ट हेर्मान फ्रांके यानें लिहिलेलें पुस्तक त्याच्या हातीं पडलें. फ्रांकेनें १६९५ मध्यें दानपेटींत सांपडलेल्या थोड्याशा रकमेवर गरीब मुलांची शाळा काढली होती व तिचाच पुढें मोठा विस्तार झाला होता. त्याच हाल येथें श्वार्ट्झ १७४६ मध्यें विद्याभ्यासासाठीं गेला.

या पंथाची शिकवण थोडक्यांत अशी. ईश्वराची कृपा मनुष्यास त्याच्या पुण्याईबद्दल मिळत नाहीं. ती मुळांतच अनर्जित असते. म्हणून ती देवाला परत करतां येत नाहीं, आणि देवाला तिची गरजहि नाहीं. मग हें ऋण फेडावयाचें कोठें? तर शेजाऱ्याच्या दारीं. भुकेल्यास अन्न द्यावें, पोरक्यास आसरा द्यावा, आणि ज्या वार्तेनें आपलें अंतःकरण निवालें ती वार्ता दुसऱ्याच्या कानीं घालावी. आपल्याकडील तीन ऋणांचा विचार ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. ऋषिऋण ऋषींना परत करतां येत नाहीं. तें अध्ययन-अध्यापनानें पुढल्या पिढीकडे फेडावें लागतें. मात्र हाल येथील मंडळींच्या दृष्टीनें अन्नदान व धर्मप्रसार हीं एकाच ऋणफेडीचीं दोन अंगें होतीं. हें ध्यानांत न घेतल्यास श्वार्ट्झ एकास नुसता परोपकारी साधु व दुसऱ्यास नुसता बाटवणारा पाद्री दिसतो. दोन्ही चित्रें अपुरीं आहेत.

मद्रासहून परत आलेल्या बेंजामिन शूल्ट्झे यास तमिळ बायबलाच्या छपाईंत मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ हाल येथेंच तमिळ शिकूं लागला. छपाई घडली नाहीं, पण भाषा अंगीं राहिली. १७४९ मध्यें कोपेनहेगन येथें दीक्षा घेऊन १७५० च्या जुलैंत तो डेन्मार्कच्या ताब्यांतील तरंगंबाडी बंदरीं पोंचला. तेथें १७०६ पासून प्रॉटेस्टंट मिशन चालू होतें. त्यानंतर सुमारें अठ्ठेचाळीस वर्षें तो या देशांतच राहिला. युरोपास परत गेला नाहीं. लग्नहि केलें नाहीं. तमिळशिवाय पोर्तुगीज, फारशी, हिंदुस्थानी आणि तंजावरच्या दरबाराकरितां मराठी अशा भाषा त्यानें येथें आत्मसात केल्या.

(३)

१७६२ पासून श्वार्ट्झचा मुक्काम तिरुचिरापल्लीस पडूं लागला. विल्यम चेंबर्स या इंग्रज गृहस्थानें त्याच्या तेथील राहणीचें वर्णन केलें आहे. एका जुन्या एतद्देशीय इमारतींत, बिछाना व माणूस मावेल एवढीच त्याची खोली. देशी पद्धतीनें शिजविलेला भात व भाजी हें अन्न. आणि काळें रंगविलेलें जाडेंभरडें कापड वर्षाच्या पोषाखास पुरे. मद्रास सरकारनें गोऱ्या पलटणीचा पाद्री म्हणून त्यास सालिना शंभर पौंड वेतन बांधून दिलें, तेव्हां त्याचा मोठा भाग त्यानें मिशनच्या कामीं लाविला. तेथील दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन कित्येक शिपायांचीं मुलें पोरकीं झालीं, तेव्हां त्यांच्यासाठीं त्यानें शाळा काढली. फ्रांकेच्या पुस्तकाचा धागा येथें स्पष्ट दिसतो.

१७७९ मध्यें मद्रासचा गव्हर्नर रंबोल्ड यानें हैदरअल्लीचा मनोदय समजून घेण्यासाठीं व सलोख्याचा निरोप पोंचविण्यासाठीं श्वार्ट्झला श्रीरंगपट्टणास पाठविलें. या प्रवासांतील एक बाब हिशेबी दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. निघतेवेळीं हैदरनें वाटखर्चासाठीं तीनशें रुपयांची थैली दिली. ती नाकारणें दरबारी रीतीस सोडून होईल असें सांगण्यांत आल्यावर श्वार्ट्झनें ती घेतली आणि मद्रासेस येऊन सरकारच्या स्वाधीन केली. सरकारनें ती त्यालाच ठेवावयास सांगितलें. तेव्हां तंजावर येथें अनाथ मुलांसाठीं काढावयाच्या इंग्रजी शाळेची ती पहिली वर्गणी, असें त्यानें ठरविलें. स्वतःसाठीं त्यानें सरकारकडूनहि कांहीं घेतलें नाहीं. त्याच प्रवासांत श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यांत हैदरच्या चाकरींतील युरोपीय शिपायांसाठीं त्यानें उपासना चालविली आणि जे जे बोलावयास आले त्यांच्याशीं धर्मविषयक संभाषण केलें. वकिली, अनाथांची शाळा व उपदेश हीं तिन्ही कामें एकाच फेरींत झालीं.

सलोख्याचा तो निरोप मात्र पुढल्याच वर्षीं पेटलेल्या युद्धानें फुकट गेला. तरीहि त्या युद्धांत पाद्र्याला कोणीं अडवूं नये अशी ताकीद हैदरनें आपल्या सरदारांस दिली होती.

(४)

१७८१ ते १७८३ या काळांत हैदरच्या स्वारीनें तंजावर प्रांत उजाड झाला आणि दुष्काळ पडला. श्वार्ट्झनें स्वस्ताईच्या दिवसांत भात खरेदी करून ठेविलें होतें. त्यावर त्यानें उपाशी लोकांस पोसलें. परंतु खरा प्रसंग किल्ल्यांतील शिबंदीवर आला. खेड्यांत धान्य होतें, तें आणावयास बैल मिळेनात. पूर्वीं आणलेल्या मालाचे पैसे रयतेस न मिळाल्यामुळें राजाच्या किंवा कंपनीच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीना. आपली सर्वांची पत गेली आहे, आतां श्वार्ट्झच्या शब्दावर लोक येतात कीं काय तें पाहावें, असें तुळजाजी राजानेंच सुचविलें. श्वार्ट्झनें पैशाची हमी घेऊन गांवोगांव निरोप धाडले. एकदोन दिवसांत हजारांवर बैल जमा झाले व थोड्याच अवधींत ऐशीं हजार कलम भात किल्ल्यांत आलें. कबूल केल्याप्रमाणें प्रत्येकाचा पैसा त्यानें चुकविला.

पुढें दरबारी कारभाऱ्यांच्या जुलुमास त्रासून शेतकरी गांव सोडून गेले, तेव्हांहि असेंच घडलें. श्वार्ट्झनें अभय दिल्यावर एका दिवसांत सात हजार माणसें आपापल्या जमिनींवर परत आलीं. पेरणीचा हंगाम टळत चालला होता. तेव्हां नेटानें काम करा, असें त्यानें विनविलें. त्यावर रयतेनें उत्तर दिलें कीं, तुम्हीं आमच्यावर उपकार केला आहे, त्याचा तुम्हांस पश्चात्ताप होऊं देणार नाहीं. आम्ही रात्रंदिवस खपूं. येथें उपकाराची परतफेड नांगराच्या रूपानें झाली.

या हकीकतीचें साधन म्हणजे श्वार्ट्झनें १७९४ मध्यें लंडन येथील ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीस लिहिलेलें पत्र होय. साधनाची परीक्षा करणें अवश्य आहे. १७९३ मध्यें कंपनीच्या सनदेवर वाद चालला असतां पार्लमेंटांत मॉंटगोमेरी कँबेल यानें मिशनरी व त्यांचे शिष्य यांची निंदा केली. तिला उत्तर म्हणून हें पत्र लिहिलेलें आहे. म्हणजे तें स्वसमर्थनपर आहे. तथापि तें लिहिलें गेलें तेव्हां प्रसंगाचे साक्षीदार इंग्रज अंमलदार हयात होते व पत्र छापून प्रसिद्ध झालें होतें. पुढें कंपनीनें स्वतःच्या खर्चानें मद्रासच्या सेंट मेरी देवळांत १८०७ मध्यें श्वार्ट्झचें स्मारक बसविलें. यावरून हकीकतीचा गाभा विश्वसनीय मानण्यास हरकत नसावी.

(५)

श्वार्ट्झच्या हातून जें मिळालें तें पुढें कसें गेलें, याचें एक उदाहरण तंजावरच्या बाहेर, तिरुनेलवेलीकडील पाळयंकोट्टै येथें सांपडतें. तेथें क्लॅरिंडा या नांवानें प्रसिद्ध असलेली एक ब्राह्मण विधवा राहत असे. मिशनचे नंतरचे लेखक तिला तंजावरकडील महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांतील म्हणतात, आणि लिटल्टन नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें तिला सतीच्या चितेपासून वांचविलें अशी परंपरागत कथा आहे. कथेचा भाग सोडला तरी पुढील गोष्टी निश्चित आहेत. ती त्या अधिकाऱ्याच्या घरीं विवाहावांचून राहत होती, म्हणून श्वार्ट्झनें तिला बाप्तिस्मा देण्याचें नाकारलें. अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, १७७८ मध्यें, त्यानें तिला बाप्तिस्मा दिला. १७८० च्या पाळयंकोट्टै मंडळीच्या नोंदवहींत चाळीस माणसांचीं नांवें आहेत. त्यांत पहिलें नांव क्लॅरिंडेचें आहे.

या बाईनें आपल्या पुढाकारानें व पैशानें तेथें देऊळ उभारलें. १७८५ मध्यें श्वार्ट्झच्या हस्तें त्याची प्रतिष्ठा झाली. देवळाजवळ तिनें लोकांसाठीं विहीर खोदविली. देऊळ व विहीर दोन्ही तमिळ लोकांत ‘पाप्पात्ति अम्माळ’, म्हणजे ब्राह्मणबाई, या नांवानें ओळखलीं जातात. तिनें धर्मोपदेशकाची मागणी लावून धरली. तेव्हां सत्यनाथन या तमिळ ख्रिस्ती गृहस्थास १७९० च्या अखेरीस तंजावर येथें दीक्षा देऊन पाळयंकोट्टैस पाठविण्यांत आलें. स्वतःस मिळालेल्या आसऱ्याचें ऋण या स्त्रीनें पाण्याच्या रूपानें व उपदेशाच्या रूपानें फेडलें. तिरुनेलवेलीच्या मोठ्या ख्रिस्ती समाजाचा आरंभ या चाळीस नांवांच्या यादीपासून होतो.

(६)

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. तुळजाजी व श्वार्ट्झ यांची पहिली भेट १७६९ मध्यें झाली होती. १७७८ पासून श्वार्ट्झ तंजावरासच राहूं लागला. राजानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाहीं, पण पाद्र्यावरील विश्वास शेवटपर्यंत टिकला. १७८७ मध्यें औरस संतति न उरलेल्या तुळजाजीनें भोसले कुळांतील दुसऱ्या शाखेच्या दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतलें आणि मृत्यूपूर्वीं श्वार्ट्झला बोलावून, हा आतां माझा नव्हे, तुमचा मुलगा, असें म्हणून मुलाचा हात त्याच्या हातीं दिला. राज्याचा कारभारहि त्यानें पाहावा अशी राजाची इच्छा होती. श्वार्ट्झनें ती मान्य केली नाहीं. एकट्या पाद्र्याच्यानें मुलाचें रक्षण होणार नाहीं व राज्यांत दुही माजेल, म्हणून राजाचा सावत्र भाऊ अमरसिंग यास पालक नेमावें, असा सल्ला त्यानें दिला.

तुळजाजीच्या मृत्यूनंतर अमरसिंगानें पंडितांकडून दत्तक अशास्त्र ठरवून घेतलें व कंपनीनें त्यासच गादीवर बसविलें. सरफोजी कोंडवाड्यांत पडला. त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली व जिवासहि धोका उत्पन्न झाला. अमरसिंगाचें नांव सुचविणारा श्वार्ट्झच होता. पुढील दहा वर्षें त्यानें त्या सल्ल्याचे परिणाम निवारण्यांत घालविलीं. मद्रास सरकारकडे अर्जामागून अर्ज करून १७९३ मध्यें त्यानें सरफोजीस व तुळजाजीच्या राण्यांस मद्रासेस हलविलें. तेथें गेरिके या पाद्र्याच्या देखरेखीखालीं सरफोजीचें शिक्षण झालें. दत्तकाच्या शास्त्रार्थावर काशीच्या व बंगालच्या पंडितांचीं मतें मागविण्यांत आलीं. तीं सरफोजीस अनुकूल पडलीं.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजीं श्वार्ट्झ तंजावर येथें मरण पावला. शेवटच्या दुखण्यांत सरफोजी भेटीस आला असतां, रयतेशीं न्यायानें वागावें, ऐषआरामास बळी पडूं नये, ईश्वरास शोधावें, असा उपदेश त्यानें केला. अंत्यविधीच्या वेळीं सरफोजीनें अश्रु ढाळीत प्रेतावर जरीचें वस्त्र घातलें. चार महिन्यांनीं, जूनच्या अखेरीस, तो तंजावरच्या गादीवर बसला. ज्यानें खटपट केली त्यास हा दिवस दिसला नाहीं. श्वार्ट्झनें आपली मालमत्ता मिशनला ठेविली.

(७)

सरफोजीनें या ऋणाचें काय केलें? १८०१ मध्यें त्यानें लंडनच्या मंडळीस पत्र लिहून श्वार्ट्झच्या संगमरवरी स्मारकाची मागणी केली व त्याच्यासारखेच मिशनरी यापुढें पाठवावे, अशी इच्छा प्रदर्शित केली. जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकारानें घडविलेलें तें स्मारक तंजावरच्या किल्ल्यांतील देवळांत बसविण्यांत आलें. त्यांत शय्येवरील पाद्री, त्याचा हात धरलेला राजा, पाठीमागें गेरिके आणि शाळेंतील मुलें कोरलेलीं आहेत. थडग्याच्या दगडावर सरफोजीनें स्वतः इंग्रजींत रचलेलीं पद्यें खोदविलीं.

परंतु दगडापेक्षां महत्त्वाची नोंद १८०७ ची आहे. कण्णंदंगुडी येथें सरफोजीनें पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनाची व शिक्षणाची सोय केली. श्वार्ट्झजवळ वाढलेला तमिळ ख्रिस्ती कवि वेदनायगम शास्त्री यालाहि त्यानें आश्रय दिला. हें सर्व करणारा राजा मरेपर्यंत शिवोपासक हिंदूच राहिला. त्यानें मंदिरांचे जीर्णोद्धार केले व १८२० नंतर काशीयात्राहि केली.

येथें अतिशयोक्ति टाळली पाहिजे. कित्येक पाश्चात्य चरित्रकार सरफोजीचें सर्व औदार्य श्वार्ट्झच्या शिकवणुकीस जोडतात. तें खरें नाहीं. तंजावरचीं छत्रें श्वार्ट्झच्या पूर्वींपासून चालत आलीं होतीं. १८०१ मध्येंच रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रांत सरफोजीनें त्यांची व्यवस्था वर्णिली आहे. रामेश्वराच्या वाटेवरील या छत्रांत ब्राह्मणापासून परय्यापर्यंत सर्वांस अन्न मिळे, आजाऱ्यास औषध मिळे, बाळंतिणीची सोय होई आणि वाटेंत आईबाप वारलेल्या मुलांस सांभाळून शिकविलें जाई. हालच्या अनाथगृहाचा वारसा व भोसल्यांच्या छत्रांचा वारसा हे दोन ओघ सरफोजीच्या ठिकाणीं एकत्र आले, असें म्हणणेंच साधनांस धरून होईल. कण्णंदंगुडीची सोय मात्र निराळी. आपल्या धर्माबाहेरच्या पोरक्यांस, त्यांच्या धर्मांत ठेवून पोसणें ही तेथील गोष्ट श्वार्ट्झच्या ऋणावांचून उलगडत नाहीं.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानें सरफोजीनें राज्याचा कारभार कंपनीस दिला. किल्ला व आसपासचा प्रदेश, एक लक्ष पागोडे आणि निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा एवढेंच त्याच्याकडे उरलें. ही पाद्र्याच्या उपकाराची किंमत होती काय? श्वार्ट्झ तहापूर्वीं वीस महिने मरण पावला होता. वेलस्लीनें सुरत, तंजावर व कर्नाटक या तिन्ही राज्यांचा कारभार दोन वर्षांच्या अवधींत एकाच धोरणानें घेतला. कर्नाटकच्या नबाबाचा कोणी पाद्री पालक नव्हता. तेव्हां तहाचा दोष श्वार्ट्झच्या माथीं मारतां येत नाहीं. तथापि दत्तकाचा निर्णय मद्रास व कलकत्ता येथें न्यावा लागल्यामुळें तंजावरच्या गादीवर कोणी बसावें हें ठरविण्याचा कंपनीचा अधिकार पक्का झाला, आणि तो मार्ग दाखविणारा श्वार्ट्झ होता, हेंहि नाकारतां येणार नाहीं. मुलाचा जीव व हक्क वांचविण्यास त्याजवळ दुसरें साधन नव्हतें.

तसेंच त्याच्या मंडळींत जातिभेद राहिला. उपासनेच्या वेळीं उच्च व नीच मानलेल्या जातींनीं वेगवेगळें बसण्याची रूढि त्यानें चालूं दिली, आणि १८३० नंतरच्या दशकांत बिशप विल्सननें ती मोडावयास घेतली तेव्हां तंजावरांत मोठा कलह माजला. अनर्जित कृपेची शिकवण देणाराच्या देवळांत ही उणीव राहिली, हें नमूद केलें पाहिजे.

(८)

एकंदर साधनांवरून निष्कर्ष असा निघतो. श्वार्ट्झची कृतज्ञता ईश्वराकडे होती, पण तिची नोंद भाताच्या कलमांत, तीनशें रुपयांच्या थैलींत व एका पोरक्या राजपुत्रासाठीं केलेल्या अर्जांत सांपडते. त्यानें धर्मोपदेश कधीं लपविला नाहीं, आणि मदतीच्या मोबदल्यांत धर्मांतराची अट घातल्याचें या प्रकरणांत कोठेंहि दिसत नाहीं. म्हणूनच क्लॅरिंडेनें त्याचा धर्म घेतला व सरफोजीनें घेतला नाहीं, तरी दोघांनींहि ऋण पुढें चालविलें. १८२६ मध्यें तंजावरास आलेल्या बिशप हेबरच्या मनांत श्वार्ट्झ हा फार राजकारणी होता असा पूर्वग्रह होता. लोकांकडून माहिती ऐकल्यावर तो आपण सोडून दिल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे.

तंजावरकडील मोडी रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांस एक सूचना करून लेख पुरा करतों. छत्रांच्या व दानधर्माच्या हिशेबांत रक्कम पाहून पान उलटूं नये. दान कोणास, कोणाच्या स्मरणार्थ व कोणत्या कामासाठीं दिलें, हे तीन रकाने स्वतंत्र उतरून घ्यावे. कण्णंदंगुडीच्या पन्नास मुलांसारखी एखादी बाब तशा रकान्यांतूनच हातीं लागते.